शिंगरं ऑक्टोबरपर्यंत आईजवळ राहू देत

अमेरिकेतल्या एका बेटावरची तट्टं दरवर्षी खाडी पोहून पलीकडच्या गावात आणतात, ते बुधवारी बघायला चाळीस हजारांच्या आसपास माणसं येतात. शुक्रवारी त्यातली थोडीच उरतात, आणि मला जे सांगायचंय ते सगळं शुक्रवारचं आहे, पण सुरुवात बुधवारपासूनच करावी लागेल कारण त्याशिवाय कळणार नाही.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर व्हर्जिनिया राज्यात शिंकोटीग नावाचं छोटं बेट आहे, तीनेक हजार वस्तीचं, कालवं आणि शिंपल्यांच्या धंद्यावर वाढलेलं. त्याच्या आणि समुद्राच्या मधे ॲसाटीग नावाचं लांबलचक वाळूचं बेट आडवं पडलंय, आणि त्या बेटावर काहीशे वर्षांपासून तट्टं मोकळी राहतात. पोनी म्हणतात इकडे, पण आपला तट्टू शब्द त्यांना अगदी बरोबर बसतो, बुटकी, रुंद पाठीची, पोट सुटलेली. पोट सुटतं कारण खाजणातलं खारं गवत खायचं आणि मग भरपूर पाणी प्यायचं, त्याने फुगलेली दिसतात. दरवर्षी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ही सगळी गोळा करून बुधवारी मधली खाडी पोहून शिंकोटीगला आणतात, गुरुवारी शिंगरांचा लिलाव होतो आणि शुक्रवारी मोठी तट्टं परत पोहून आपल्या बेटावर जातात.

आम्ही वॉशिंग्टनच्या बाजूला राहतो, तिथून चार तास लागतात. मागच्या उन्हाळ्यात आई जुन्नरहून आली होती, तिला म्हटलं चल तुला घोडे पोहताना दाखवतो. दशम्या आणि थर्मासमध्ये चहा घेऊन पहाटे चारला आम्ही त्या खाजणात जाऊन उभे, चिखल पोटरीपर्यंत, डास तर विचारूच नका आणि त्यात हिरव्या डोळ्यांच्या गोमाश्या ज्या कपड्यावरून चावतात. वेळ नक्की नसते कारण भरती आणि ओहोटीच्या मधे पाणी थांबतं तेवढ्या थोड्या वेळात त्यांना पाण्यात घालतात, म्हणजे प्रवाहाशी झगडावं लागत नाही. तर पाच तास उभे होतो. मग तटरक्षक दलाच्या बोटीवरून लाल धूर सोडला, तो इशारा, आणि पलीकडच्या काठावरून सगळा कळप पाण्यात उतरला.

पोहणं काही मिनिटांचंच. पण ती मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. पाण्यावर फक्त डोकी, नाकपुड्या फुगलेल्या, फुरफुर आवाज, आणि प्रत्येक घोडीच्या खांद्याला चिकटून एक छोटं डोकं. इकडच्या काठावर चढल्या चढल्या घोड्यांनी अंग झाडलं आणि तिथेच गवताला तोंड लावलं, आणि शिंगरं लगेच आईच्या पोटाखाली दूध प्यायला. आजूबाजूला हजारो माणसं टाळ्या वाजवत होती आणि त्यांना काही पडलेलं नव्हतं, ती पीत होती.

आता वाद. दरवर्षी जुलै आला की हा वाद येतोच, की हे सगळं बंद करा, जनावरांना माणसांच्या करमणुकीसाठी कशाला पाण्यात घालता, पूल आहे की १९६२ पासून, गाडीत घालून आणा. आणि दुसऱ्या बाजूने एकच उत्तर, ही आमची परंपरा आहे. मला दोन्ही पटत नाही. पोहणं बंद करा म्हणणाऱ्यांना मी एवढंच म्हणेन की तुम्ही चुकीच्या दिवसाकडे बघताय. ही जनावरं जन्मापासून पाण्यात चालतात, खाजणातले नाले रोज ओलांडतात. पोहण्याच्या वेळी दोन्ही बाजूंनी बोटी असतात, म्हाताऱ्या, गाभण आणि अगदी कोवळं पिल्लू असलेल्या घोड्यांना पोहायला लावतच नाहीत, ट्रेलरमधून आणतात. आधी आणि नंतर डॉक्टर तपासतात. काठावर आल्यावर तासभर विश्रांती देऊनच गावातल्या मुख्य रस्त्याने मैदानाकडे नेतात. उलट जुलैच्या उन्हात बंद गाडीत दीडशे जनावरं चढवणं उतरवणं यात जास्त हाल होतील असं मला वाटतं.

आणि हे कोण करतं ते पण बघा. १९२० च्या सुमाराला या गावात मोठ्या आगी लागल्या, बाजारपेठ जळाली, विझवायला धड साधनं नव्हती. मग गावातल्या लोकांनी स्वयंसेवक अग्निशमन दल काढलं आणि १९२५ मध्ये त्या दलाने ही जुनी तट्टं कोंडायची पद्धत हातात घेऊन तिला जत्रेचं रूप दिलं, शिंगरं विकून बंब घ्यायचे म्हणून. म्हणजे शंभर वर्षं झाली. व्हर्जिनियाच्या बाजूचा कळप आजही त्या दलाच्या मालकीचा आहे. पगार नाही कोणाला, दिवसा नोकरी-धंदा करणारी माणसं, आणि तीच माणसं घोड्यावर बसून कळप गोळा करतात, त्यांना खाऱ्या पाण्यातले काउबॉय म्हणतात. लिलावात काही लाख डॉलर येतात, त्यातून जनावरांची औषधं, लसी, डॉक्टर आणि गावात आग विझवायची सोय.

विकावं लागतं हेही खरं. ॲसाटीगचा व्हर्जिनियातला भाग हा १९४३ पासून सरकारी अभयारण्य आहे आणि ते मुळात पक्ष्यांसाठी केलेलं आहे, हिवाळ्यात येणारे हंस-बदकं, वाळूत अंडी घालणारे छोटे टिटवीसारखे पक्षी. तट्टांना तिथे चरायचा परवाना मिळतो तो मोठी जनावरं जास्तीत जास्त दीडशे या अटीवर. दरवर्षी साठ-सत्तर किंवा त्याहून जास्त शिंगरं जन्मतात. सगळी ठेवली तर चार-पाच वर्षांत बेटावर गवत राहणार नाही, वाळूच्या टेकड्या धरून ठेवणारं गवत गेलं की बेटच राहणार नाही. तेव्हा जे भावुक होऊन म्हणतात की त्यांना सोडून द्या, जंगली आहेत, जंगलात राहू दे, त्यांनी हे लक्षात घ्यावं की ती तशी जंगली नाहीत. पाळीव घोड्यांची वंशज आहेत. बुडालेल्या स्पॅनिश जहाजातून पोहून आली अशी दंतकथा आहे, जास्त शक्यता अशी मानतात की सतराव्या शतकात किनाऱ्यावरच्या शेतकऱ्यांनी कुंपण आणि कर वाचवायला जनावरं बेटावर सोडली. २०२२ मध्ये मात्र एक गंमतीची गोष्ट बाहेर आली, हैतीमधल्या सोळाव्या शतकातल्या एका स्पॅनिश वस्तीच्या जागी सापडलेल्या घोड्याच्या दाताचा डीएनए तपासला तर सगळ्यात जवळचं नातं शिंकोटीगच्या तट्टांशी निघालं. त्याने जहाज बुडालं होतं हे सिद्ध होत नाही, पण स्पॅनिश रक्त आहे हे दिसतं. कुठूनही आलेली असोत, वर्षातून तीनदा त्यांना गोळा करून डॉक्टर तपासतो, लसी देतो. माणसाची जबाबदारी आहे ती.

दुसरा मार्ग आहे तो त्याच बेटावर आहे. ॲसाटीगचा उत्तरेचा भाग मेरीलँड राज्यात येतो, राज्याच्या सीमेवर चक्क कुंपण घातलंय आणि पलीकडचा कळप राष्ट्रीय उद्यान खात्याचा. तिथे लिलाव नाही, पोहणं नाही. १९९४ पासून बरीच वर्षं घोड्यांना लांबून बंदुकीने गर्भनिरोधक लस मारली, शंभराच्या आत संख्या आणली. आणि तिथे असं दिसलंय की वारंवार व्यायला न लागणाऱ्या घोड्या पुष्कळ जास्त वर्षं जगतात. हे ऐकून कोणी म्हणेल मग इकडे पण तेच करा. मी बरेच दिवस तसंच म्हणत होतो. पण तसं केलं तर शिंकोटीगचा लिलाव संपेल, लिलाव संपला की त्या दलाचा कळपाशी संबंध संपेल, आणि एखाद्या साथीच्या वेळी धावून जायला कोण राहील? काही वर्षांपूर्वी खाजणातल्या पाण्यातून होणाऱ्या एका बुरशीसारख्या रोगाने या कळपातल्या घोड्या गेल्या, तेव्हा लस मिळवून कळपाला देण्याची धडपड याच लोकांनी केली. सरकारी खात्याचं धोरण पलीकडच्या कळपाबाबत निसर्गावर सोडून द्यायचं असतं. माझं मत असं की या गावाला आणि या तट्टांना एकमेकांपासून तोडू नये.

इथपर्यंत मी दलाच्या बाजूने आहे. आता गुरुवार.

गुरुवारी सकाळी मैदानात लिलाव. एकेक शिंगरू आणतात, दोघं-तिघं काउबॉय त्याला कवेत धरून गोलात उभं करतात, लोक हात वर करतात, बोली वाढते. काही शिंगरं परत बेटावर सोडण्यासाठीच विकली जातात, म्हणजे पैसे तुम्ही द्यायचे, नाव तुम्ही ठेवायचं आणि शिंगरू कळपात कायमचं राहायचं, आणि त्यांनाच बहुतेक वेळा सगळ्यात जास्त भाव येतो. हे मला फार आवडलं, लोक हजारो डॉलर देतात ते एका जनावराला मोकळं राहू देण्यासाठी. बाकीची मात्र त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ट्रेलरमध्ये चढतात. आणि वय किती तर बहुतेक एप्रिल, मे, जूनमध्ये जन्मलेली. दोन महिने. तीन महिने.

आईने आयुष्यभर गाई-म्हशी सांभाळल्यात. कोंडवाड्याच्या कुंपणाशी उभी राहून ती घोड्यांच्या तोंडाकडे बघतच नव्हती, मागे बघत होती. मला म्हणाली, हिची कास बघ, तटतटलीय, पिल्लू सकाळपासून लागलेलं नाही तिला. मी बघितलं. ती घोडी कुंपणाला लागून इकडून तिकडे चालत होती आणि थांबून हाका मारत होती आणि मैदानाच्या पलीकडच्या ट्रेलरमधून एक बारीक आवाज तिला उत्तर देत होता. हे किती वेळ चाललं मला माहीत नाही, आम्ही तिथून निघालो तेव्हा चालूच होतं.

शुक्रवारी सकाळी मोठ्या तट्टांना परत पाण्यात घातलं. तीच खाडी, तसंच थांबलेलं पाणी, तेच काउबॉय. पण बुधवारी प्रत्येक घोडीच्या खांद्याशी एक डोकं होतं आणि आज बहुतेकींच्या खांद्याशी काही नव्हतं. काही घोड्या काठावर थांबून मागे वळल्या, त्यांना चाबकाचा आवाज करून पुढे हाकललं. मारलं नाही, हे मी मुद्दाम सांगतो, कोणीही त्यांना मारलं नाही. पण हे मी बुधवारी बघायला उभा होतो ते नव्हतं.

घोडा पाळणारे सांगतात की शिंगराचं दूध साधारण चार ते सहा महिन्यांनी तोडावं, आणि एका दिवसात तोडण्यापेक्षा हळूहळू तोडलेलं बरं. निसर्गात तर घोडी त्याहून कितीतरी जास्त दिवस पाजते. मग दोन-तीन महिन्यांवर, एका दिवसात, अनोळखी माणूस, ट्रेलर, लांबचा रस्ता, नवीन पाणी, नवीन चारा, हे सगळं एकदम त्या जीवावर का?

कारण जत्रा जुलैत आहे म्हणून. दुसरं कारण मला सापडलं नाही.

आणि इथे मला जे सांगायचंय ते फार साधं आहे. लिलाव जुलैतच करा. पोहणं पण करा, गर्दी पण येऊ दे, बोली लावा, पैसे घ्या. पण शिंगरू ताब्यात द्या ऑक्टोबरमध्ये. हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही, तिथे आधीपासून चालूच आहे. जी शिंगरं लिलावाच्या वेळी फारच कोवळी असतात त्यांना आईबरोबर परत बेटावर पाठवतात आणि नवीन मालक शरद ऋतूत येऊन घेऊन जातात. ऑक्टोबरमध्ये कळप तसाही तपासणीसाठी गोळा करतातच, कोंडवाडा तोच, डॉक्टर तोच. म्हणजे सोय आहे, माणसं आहेत, सवय आहे, कागदपत्रं आहेत. फक्त जो आज अपवाद आहे तो सगळ्यांसाठी नियम करायचा.

अडचणी आहेत, आणि त्या खोट्या नाहीत. पहिली अडचण घोडीची. खाजणातलं गवत निकस, त्यावर अंग धरायचं, बऱ्याच जणी पुन्हा गाभण, आणि वर ऑक्टोबरपर्यंत दूध. जुलैत शिंगरू गेलं तर तिला हिवाळ्याआधी सावरायला वेळ मिळतो हे जुने लोक सांगतात आणि ते बरोबर आहे. पण मग अशक्त घोड्या निवडा ना, डॉक्टर जुलैत प्रत्येकीला बघतोच, जिच्या बरगड्या दिसतायत तिचं आधी तोडा. एकीसाठी योग्य म्हणून सगळ्यांचं त्याच दिवशी तोडायचं हे काही घोडीच्या भल्याचं नाही. दुसरी अडचण अशी की ऑक्टोबरमध्ये शिंगरू पाच-सहा महिन्यांचं होतं, दोघांच्या कवेत मावत नाही, लाथा झाडतं, ट्रेलरमध्ये चढवणं अवघड. हे पण खरं. त्याला दोन दिवस जास्त लागतील, अरुंद वाट करून चढवावं लागेल, आणि ज्याला ते जमणार नाही त्याने घोडा घेऊ नये. तिसरी, अभयारण्याची. साठ-सत्तर तोंडं अजून तीन महिने चरणार. दीडशेची मर्यादा मोठ्या जनावरांची आहे पण गवत तर सगळेच खातात, तेव्हा हे अभयारण्यवाल्यांशी बसूनच ठरवावं लागेल, त्यांना न विचारता नाही.

आणि चौथी, जी खरी पैशाची आहे. जत्रेला आलेला माणूस भारावून बोली लावतो, त्याला सांगितलं की ऑक्टोबरमध्ये परत या तर तो बोली लावणार नाही. मला वाटतं त्या माणसाने बोली लावली नाही तर चांगलंच आहे. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. ज्याला तीन महिने थांबायचं जमत नाही त्याच्याकडे तीन महिन्यांचं शिंगरू का द्यावं? शिवाय कोविडच्या वेळी, २०२० आणि २०२१ मध्ये, पोहणं रद्द झालं आणि लिलाव ऑनलाइन झाला. ना खाजण, ना गर्दी, ना लाल धूर, आणि तरी लोकांनी घरी बसून बोली लावली, पैसे कमी आले नाहीत. म्हणजे लोक त्या तट्टांसाठी पैसे देतात, शिंगरू त्याच दिवशी हातात मिळतं म्हणून नाही.

आमच्या फॅमिली ग्रुपवर मी फोटो टाकले तेव्हा एका मामेभावाचा मेसेज आला की आपल्याकडे बैलगाडा शर्यत म्हटलं की क्रूरता आणि तिकडे हेच टुरिझम. तो चिडलेला होता आणि त्याचं चिडणं मला समजतं, आजोळी आमच्याकडे शर्यतीचे बैल होते, लेकरासारखे वाढवलेले. २०१४ ला सुप्रीम कोर्टाने बंदी घातली, २०२१ च्या डिसेंबरमध्ये अटींवर परवानगी दिली, २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला. इतकी वर्षं भांडण एकाच जागी अडकून होतं, परंपरा की क्रूरता, ठेवा की बंद करा. पण बैलाच्या अंगाला जे लागतं ते अटींमध्ये आहे. काठी नाही, चाबूक नाही, आधी डॉक्टरची तपासणी, धावायचं अंतर ठरलेलं. त्या अटी पाळल्या जातात का हा प्रश्न शर्यतीच्या घाटावर जाऊन विचारायचा असतो, टीव्हीवर नाही. मी भावाला तेच लिहिलं, की मी यांना बंद करा म्हणत नाहीये, मी फक्त तारीख बदला म्हणतोय. त्याने विचारलं कोणती तारीख, मग मी त्याला शुक्रवारचा व्हिडिओ पाठवला.

मी दलाला पत्र लिहिलंय. बाहेरचा माणूस, त्यातून परदेशातून आलेला, एकदा बघून गेला आणि शिकवायला लागला असं त्यांना वाटू शकतं, म्हणून पत्रात सुरुवातीलाच लिहिलं की तुमच्या हातून जनावराला एकही फटका बसलेला मी पाहिला नाही आणि म्हातारी घोडी ट्रेलरमधून उतरवताना तुमच्यातला एक जण तिच्या कानाशी काहीतरी बोलत होता ते माझ्या लक्षात राहिलंय. मग खाली मागणी लिहिली. एक वर्ष करून बघा, निम्म्या शिंगरांवर. ऑक्टोबरमध्ये त्यांचं वजन करा, त्यांच्या आयांची तब्येत बघा, आणि जुलैत गेलेल्यांच्या मालकांना विचारा पहिले दोन आठवडे कसे गेले.

यंदा ऑक्टोबरमध्ये कळप गोळा करतील तेव्हा आम्ही जाणार आहोत. तेव्हा डास कमी असतात म्हणे. आईने तिकडून सांगून ठेवलंय की मागे राहिलेल्या शिंगरांचा व्हिडिओ पाठव, केवढी झालीत ते मला बघायचंय.